निमाडचा दर्या

लिफ्टचा पिंजरा खाली सरकतो आणि वरचं तोंड नाण्याएवढं होत जातं. ऐंशी फूट. बऱ्हाणपूरचं मे महिन्यातलं ऊन, अंगावरची गोधडी कुणी ओढून घ्यावी तसं निघून जातं आणि पाय पाण्यात पडतात. पाणी वाहतं आहे, पण आवाज करत नाही. हा कुंडी भंडारा. १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानाच्या काळात, तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकारानं ओळखलं की सातपुड्यात मुरलेलं पाणी जमिनीखालून तापीकडं सरकत असतं. त्यानं ते वाटेत गाठलं. शंभरावर कुंड्या खोदल्या, बोगद्यानं एकमेकींना जोडल्या आणि पाणी आपल्या उतारानं शहरात आणलं. ना मोट, ना रहाट.

बॅटरी भिंतीकडं धरा. पांढरं दिसतं ना? हात लावा. मेणबत्ती ओघळून गोठावी तसा खडबडीत लेप आहे. हा चुना. पाण्यात विरघळून आला आणि चारशे वर्षांत थेंबाथेंबानं भिंतीवर परत दगड होऊन बसला. पाण्यातला चुना पुन्हा दगड होतो, ही एवढी गोष्ट लक्षात असू द्या. आजचा सगळा प्रवास तिच्या भरवशावर आहे.

बऱ्हाणपूरला समुद्र नाही, असं तुम्ही लहानपणापासून ऐकत आलात. तापी जाते तिकडं, सुरतेला, समुद्र. इथल्या विणकरांचं कापड बैलांच्या पाठीवरून सुरतेला जायचं, तिथं गलबतात चढायचं आणि अरबस्तान-इराणकडं निघायचं. हाजी जायचे, यायचे. समुद्र म्हणजे आपल्याकडून कुणीतरी जातं ती जागा. मलाही कितीतरी वर्षं असंच वाटायचं. मग एकदा मनावर गावाच्या बाजूला, धुळीच्या रस्त्याकडेला, एका घडीव दगडाच्या तुकड्यावर बारीक बारीक काड्यांची नक्षी दिसली. समुद्रात वाढलेल्या काड्या. तेव्हापासून मी ही गोष्ट ज्याला त्याला सांगत आलो आहे. आपल्या निमाडला स्वतःचा समुद्र होता. त्यात एका रात्रीच्या अंतरावर एक पांढरी दांडी होती, जिच्या दगडाला पुढं पोवळ्याचं नाव मिळालं. आज रात्री तुम्हाला तिथं न्यायचं आहे.

खांद्यावरच्या पिशवीत बऱ्हाणपुरातल्या शनवाऱ्यातून घेतलेली मावा जिलेबी आहे, केळी आहेत, पाण्याची बाटली आहे. ती भरून घ्या. पुढं जे पाणी लागणार आहे ते पिता येणार नाही.

आता चाला. उत्तरेकडं. माप असं धरू: एका पावलाला एक लाख वर्षं. एकूण आठशे ऐंशी पावलं.

पहिलं पाऊल उचललंत. पायाचं नखही पुढं सरकलेलं नाही, तीनेक मिलिमीटर फार तर, तेवढ्यात बऱ्हाणपूरचं सगळं वैभव मागं पडलं. १७ जून १६३१ ला याच शहरात मुमताजमहल गेली, तो आक्रोश. जानेवारी १६०१ मध्ये अकबराच्या हाती आलेला असीरगड. त्याआधीचे फारुकी सुलतान. पाऊल जमिनीला टेकायच्या आत शेती गेली, चाक गेलं, अक्षर गेलं. चौथ्या पावलाला तुमच्यासारखा चेहरा असलेला माणूस पृथ्वीवर कुठंच नाही. इथून पुढं आपण दोघंच.

मग बराच वेळ काही सांगण्यासारखं नाही. पाणी, चुना, अंधार. पाचशेव्या पावलाच्या आसपास हिमालयही नाहीसा होतो, कारण भारताचा तुकडा आशियाला अजून पुरता भिडलेला नाही.

सहाशे साठ. भिंतीवरचा हात काढा, भाजेल. हा दख्खनचा काळा दगड, पण अजून दगड झालेला नाही. जमीन फाटून लाव्हा वाहतो आहे, थरावर थर चढतो आहे. असीरगडाचा डोंगर, सातपुड्याचे उभे कडे, आपल्या गव्हा-कपाशीची आणि केळीची काळी माती, सगळं या आगीतून यायचं आहे. इथं थांबू नका. धावत पार व्हा.

आग ओलांडली की दहा-वीस पावलं श्वास घ्या. उजेड येतो आहे. डावीकडं धार जिल्ह्याची माती आहे आणि त्या मातीत वाटोळी, नारळाहून मोठी अंडी आहेत. लांब मानेच्या, चार पायांवर डुलत चालणाऱ्या प्रचंड डायनोसॉरांच्या माद्या इथं येऊन खड्डे करून अंडी घालत. २०२३ साली दिल्ली विद्यापीठाच्या अभ्यासकांनी बाघ आणि कुक्षीच्या परिसरातली ९२ घरटी आणि २५६ अंडी जगापुढं मांडली. पण त्या आधी पाडल्या गावातल्या शेतकऱ्यांनी नांगरताना सापडलेले असलेच वाटोळे दगड शेताच्या कडेला मांडले होते, त्यांना काकड भैरव म्हणत होते आणि नारळ वाहत होते. शेत राखणारा, गुरं राखणारा देव. मला त्या लोकांविषयी फार आदर वाटतो. दगड साधा नाही, हे त्यांना कुणी न सांगता कळलं होतं.

पुढं चला. दोनशे पावलं उरली आहेत. आता हवेला वास येऊ लागेल. ओळखीचा नाही, पण अंग ओळखेल. जिभेवर बारीक खारटपणा. आठशे सत्तर. आठशे ऐंशी.

बोगदा संपला.

डोळे चोळा. पायाखाली वाळू आहे, ओली, कणीदार. पुढं पाणी आहे आणि पाण्याला पलीकडचा काठ असला तरी तो धूसर आहे. आजच्या नकाशावर तुम्ही बडवाहजवळ उभे आहात. बाघचे म्हणून ओळखले जाणारे सागरी थर पूर्वेकडं इथपर्यंत सापडतात. म्हणजे समुद्राचं बोट जिथवर पोचलं, त्या बोटाचं हे टोक. इथून पुढं पश्चिमेकडं, आज जिथं नर्मदा वाहते त्या पट्ट्यात, लांबट, चिंचोळा समुद्र पसरलेला आहे आणि तो पलीकडं मोठ्या महासागराला मिळतो.

नर्मदा मात्र नाही. तापी नाही. सातपुडा नाही. दक्षिणेकडं वळून बऱ्हाणपूर शोधू नका. उत्तरेला जी उंच, झिजलेली जमीन दिसते तिच्यात विंध्याचा दगड आहे, आणि तो आजही इतका म्हातारा आहे की तुमच्या येण्यानं त्याला काही फरक पडत नाही. किनाऱ्यावर नेचे आहेत, सूचिपर्णी झाडं आहेत, मधूनच एखादं फुललेलं झाडही आहे, कारण फुलं पृथ्वीवर येऊन फार दिवस झालेले नाहीत. सूर्याकडं बघा. दुपार कलली आहे, तरी तो उत्तरेकडच्या अंगानं झुकलेला दिसतो. भारत अजून विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेला आहे, थोडा तिरकाही आहे. मी पश्चिम म्हणेन ती आजच्या नकाशावरची धरा, नाहीतर गोंधळ होईल.

होडी तिथं वाळूवर कलंडलेली आहे. एक डोलकाठी, एक शीड, कोकणात मासेमारीला नेतात तसली. ती इथं कशी आली ते विचारू नका, एवढी एक सवलत मला द्या. सुकाणू मी धरतो. तुम्ही दामण धरा. दामण म्हणजे शिडाच्या खालच्या कोपऱ्याची दोरी. वारा भरला की ती हाताला ओढ देते आणि त्या ओढीवरून वाऱ्याचं मन कळतं.

पण अजून निघायचं नाही. ओहोटी आहे. होडी रुतलेली आहे. भरतीनं ती आपण होऊन उचलली पाहिजे.

बसा. केळं सोला. सूर्य बुडतो आणि त्याच वेळी मागच्या अंगाला चंद्र उगवतो. पुनव आहे. आज उधाण येणार. चंद्र जरा मोठा दिसतो असं वाटतं का? तो दर वर्षी पृथ्वीपासून जवळजवळ चार सेंटिमीटर दूर सरकतो. त्याच वेगानं मागं मोजलं तर आज तो तीनेक हजार किलोमीटर जवळ आहे. डोळ्याला तेवढा फरक कळायचा नाही. तरी एक गोष्ट नीट पाहा. त्याच्यावर जो पांढरा ठिपका आहे आणि त्यातून चहूकडं किरणं फुटल्यासारख्या रेघा आहेत, ते टायको विवर. सुमारे दहा-अकरा कोटी वर्षांपूर्वी तिथं काहीतरी आदळलं. तुम्ही आज जिथं उभे आहात तिथून मोजलं तर तो घाव फक्त दोनेक कोटी वर्षं जुना आहे.

दिवसही थोडा लहान आहे. पृथ्वी जरा जोरात फिरते आहे आणि चंद्राच्या ओढीनं हळूहळू मंदावते आहे. दिवसाला साडेतेवीस तास, म्हणजे वर्षाला तीनशे सत्तरच्या वर दिवस. घड्याळ पिशवीत टाका.

रात्र चढते. नऊच्या सुमाराला होडीखालून पहिली लाट सरकते, नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, हलते आणि वाळू तिला सोडते. ढकला. चढा. दामण ओढा.

संध्याकाळी समुद्राकडून जमिनीकडं वाहणारे खारे वारे केव्हाच पडले. आता जमीन लवकर निवली आहे, पाणी अजून ऊबदार आहे, आणि पाठीमागून मतलई सुटली आहे. शाळेत भूगोलाच्या पेपरात मतलई वाऱ्यांची आकृती काढली होती ना? दिवसाचा बाण इकडं, रात्रीचा बाण तिकडं. तो रात्रीचा बाण आता तुमच्या मानेला लागतो आहे. शीड फुगलं. होडी किंचित कलली आणि चालू लागली. पाणी नाळेपाशी फाटतं, त्याचा आवाज एकसारखा येत राहतो.

पश्चिमेला. शंभरेक किलोमीटर. पहाटेपर्यंत.

पहिल्या तासात तुम्ही आकाशात सप्तर्षी शोधाल. नाहीत. ध्रुव नाही. मृगाचा बाण नाही. चंद्रप्रकाशात मोजकेच तारे दिसतात आणि ते एकही ओळखीचं चित्र काढत नाहीत. तारेही प्रवासाला निघालेले असतात. काही तर अजून जन्मलेच नाहीत. मृगातला काक्षी नाही, राजन्य नाही, वृश्चिकाच्या पोटातली लालबुंद ज्येष्ठा नाही. हे सगळे फार तरुण तारे आहेत, लाख-कोटीच्या हिशेबातले. आजी ज्या चांदण्यांच्या गोष्टी सांगायची, त्या चांदण्या होण्याआधीची ही रात्र आहे. मला दर वेळी इथं थोडं पोरकं वाटतं. तुम्हाला वाटलं तर बोलू नका, पाण्याकडं बघा.

हात पाण्यात घाला. बोटांमागून निळसर उजेडाच्या रेघा जातात. बोटं फिरवा, उजेड फिरतो. होडीच्या मागं लांबवर तीच रेघ उमटत आली आहे. आणि तो बघा, तिच्या कडेनं येणारा. ताटलीएवढा, चपटा, वाटोळा शंख, तोंडाशी मऊ बाहू. अमोनाइट. गंडकीतल्या शाळिग्रामात जे चक्र दिसतं, ते असल्याच प्राण्याचं. तुम्ही देवघरात ज्याची खूण पाहिली, तो आज जिवंत, मागच्या मागं पोहत, डोळा तुमच्याकडं लावून चालला आहे. बाघच्या थरांत याच्या जातभाईंचे शंख सापडतात. त्यातल्या एकाच्या नावात मादागास्करमधली ओनिलाही नदी आहे, कारण तसाच शंख आधी तिकडं सापडला होता. आश्चर्य वाटायला नको. आज रात्री मादागास्कर फार लांब गेलेलं नाही. भारत आणि ते, दोन भाऊ वाटणी करून नुकतेच वेगळे निघाले आहेत, आणि मधल्या पाण्यातून हे शंख दोन्हीकडं जाऊन येऊन आहेत.

हा समुद्र इतका आत आला कसा? पृथ्वी तापलेली आहे. ध्रुवांवर आजच्यासारखे जाड बर्फाचे थर नाहीत, म्हणून पाणी समुद्रातच आहे आणि जगभर त्याची पातळी फार वर चढली आहे. त्यात नर्मदेचा हा पट्टा म्हणजे जमिनीतली जुनी, कच्ची भेग; ती थोडी खचली की पाणी शिरतं. आधी आली वाळू. त्या वाळूचा पुढं दगड झाला. त्याला भूशास्त्रज्ञांनी निमाडचंच नाव दिलं, निमाड वालुकाश्म. बाघची लेणी याच दगडात कोरलेली आहेत. ज्या भिक्षूंनी तिथं दीड हजार वर्षांपूर्वी विहार खोदले आणि भिंती रंगवल्या, ते या किनाऱ्याच्या आत राहत होते. वाळूवर आला शिंपल्यांचा थर. मग आला गाठी-गाठींचा चुनखडीचा थर, आणि त्याच्यावर आपण जिथं चाललो आहोत तो.

जिलेबी काढा. गाय-म्हैस व्हायच्या आधीच्या रात्री मावा खाणारे आपण दोघंच.

मध्यरात्र. दामण सैल पडली, तरी ओढू नका. भरती पुरी झाली. पाणी क्षणभर थबकतं, जसा हत्ती नदीच्या काठाशी थबकतो. मग ओहोटी सुरू होते आणि सबंध समुद्र पश्चिमेला सरकू लागतो. आता मागून मतलई आहे आणि खालून ओहोटी. आपल्याला काही करायचं नाही. याच तासांसाठी आपण संध्याकाळी वाळूवर बसून राहिलो होतो.

या तासांत मला एका माणसाची आठवण येते. विल्यम ब्लॅनफर्ड यांनी १८६९ साली तापी आणि खालच्या नर्मदेच्या खोऱ्यांचं भूशास्त्र लिहिलं; तुमच्या-माझ्या मुलखाची जमीन त्यात आहे. पण मी म्हणतो तो माणूस त्यांच्या मागून आला. प्रमथनाथ बोस. बंगाली, लंडनला शिकलेले, भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्यात नोकरीला. त्यांनी निमावरपासून कावांटपर्यंत नर्मदेचं खोरं पालथं घातलं आणि १८८४ साली त्याचा वृत्तांत छापला. याच बोसांनी पुढं १९०४ साली जमशेटजी टाटांना मयूरभंजच्या लोखंडाबद्दल पत्र लिहिलं आणि त्यातून जमशेदपूर उभं राहिलं. लोकांना त्यांचं ते पत्र माहीत असतं. मला ते इथं दिसतात, मनावरजवळच्या चिराखान गावाशी, उन्हात, हातोडी घेऊन, गुडघ्यावर बसलेले. त्यांनी थर वेगळे केले, त्यांना नावं दिली. एका थराच्या नावात चिराखान आहे. एवढंसं गाव, पण भूशास्त्राच्या पुस्तकांत कायमचं जाऊन बसलं.

आपण तिथंच चाललो आहोत. चिराखानला. समुद्रातून.

पाण्यात मोठं काहीतरी वळलं. मासा असेल. शार्कचे दात या थरांत मिळतात, म्हणून हात आत घ्या.

चंद्र पश्चिमेला उतरला. आता आवाज बदललेला ऐकू येतो का? नाळेपाशीचा नव्हे, पुढचा. दुरून, बारीक, पसरट. पाणी कशावर तरी फुटतं आहे. दामण सोडा. शीड फडफडू द्या. खोली कमी होते आहे. वल्ह्यानं चाचपा. पहिल्यांदा काही लागत नाही. मग लागतं, आणि कुरकुरतं.

नांगर टाका. उजाडू द्या.

उजाडतं आणि पुढं पांढरी दांडी दिसते. लांबट, पाठीवर झोपलेल्या माशासारखी, ओहोटीनं उघडी पाडलेली. बेट म्हणावं तर ओहोटीपुरतंच. तिच्यावर झाड नाही, गवत नाही, पाऊलखूण नाही. पाण्याच्या ओढीनं तिच्या अंगावर तिरप्या वळ्या पडल्या आहेत, एकीवर एक, त्याही दगडात राहतील. उतरा. पाणी मांडीपर्यंत आहे आणि कोमट आहे.

पाय टेकला की जो आवाज होतो, तो जन्मभर विसरणार नाही. लाह्या तुडवल्यासारखा. वाकून मूठभर उचला. वाळू नाही ही. काड्या आहेत. पेन्सिलीच्या शिशाएवढ्या, काही करंगळीएवढ्या, फाटे फुटलेल्या, तुटलेल्या, पांढऱ्या. मधूनमधून शिंपल्यांचे तुकडे. पोवळ्याच्या दुकानात बारीक चुरा मिळावा तशा.

एकोणिसाव्या शतकातल्या लोकांनाही असंच वाटलं. त्यांनी या दगडाला पोवळ्याचा चुनखडक म्हटलं आणि ते नाव आजपर्यंत चिकटलं आहे. आता पिशवीतलं भिंग काढा आणि एक काडी उजेडात धरा. सगळ्या अंगावर भोकं आहेत, सुईच्या टोकाएवढी, ओळीनं. प्रत्येक भोकात एकेक प्राणी राहत होता, मिलिमीटरहून लहान. हे पोवळं नव्हे. ब्रायोझोआ म्हणतात यांना. पोवळ्याशी यांचं नातं नाही. राहणी तेवढी सारखी. हजारो जीव एकमेकांना चिकटून राहतात, समुद्राच्या पाण्यातला चुना उचलतात, त्याची घरं बांधतात, घरावर घर चढवतात आणि मरून जातात. घरं उरतात. वादळ ती मोडतं, लाटा गोळा करतात, आणि अशी दांडी तयार होते.

नाव चुकलं म्हणून मला कधी वाईट वाटलं नाही. खरं पोवळं पाहायचं तर आपल्या मराठी मुलखाला मालवणचे पाण्याखालचे खडक आहेत, आणि विजयदुर्गापासून शंभर किलोमीटरवर, बुडालेली, आंग्रिया बँक आहे. कान्होजी आंग्र्यांचं नाव लागलेली. तिथं पाणी स्वच्छ आहे, कारण नद्यांचा गाळ तिथवर पोचत नाही. आपली तापी ज्या आखातात जाते तिथं ती एवढी माती ओतते की पोवळ्याला श्वास घेता येत नाही. ती माती आपल्याच शेतातली असते. हे सगळं खरं. पण हातातली काडी पोवळ्याची नसूनही निमाडची आहे, आणि मला ती जास्त जवळची आहे.

दांडीच्या कडेला या. जिथं पाणी गुडघ्याएवढं आहे तिथं तोंड खाली घालून बघा. जिवंत झुडूप आहे. तीच काडी, पण फिकट गुलाबी, आणि तिच्या अंगावर धुक्यासारखी लव. लव हलते. ती लव म्हणजे त्या हजारो जिवांची उघडलेली तोंडं, प्रत्येकाभोवती बारीक केसांचं वर्तुळ, पाण्यातून कण गाळणारं. धक्का लागला की सगळी एकदम मिटतात. थांबा, हलू नका. एक उघडलं. मग दहा. मग सबंध फांदी.

तुम्ही ऐंशी फूट खाली, चुन्याच्या भिंतीवर हात ठेवून निघाला होता. तिथं चुना नुसता ओघळला होता. इथं तो कुणीतरी उचलून, मापून, घरासारखा रचतो आहे. आज या पट्ट्यातली चुनखडी यंत्रांनी काढतात, दळतात आणि सिमेंट करतात. निमाडातल्या कितीतरी घरांच्या भिंतींत ही दांडी विरघळलेली असेल. मला त्याचा राग नाही, घरं लागतातच. पण एखादा चिरा, एखादा कडा, शाळेतल्या पोरांना हात लावता येईल असा राहावा, एवढं मी जाईन तिथं सांगतो. मनावरकडच्या काही मास्तरांनी सुट्टीच्या दिवशी उन्हात फिरून अंडी आणि दगड वाचवले आहेत. बाघला जीवाश्मांसाठी राखीव उद्यान झालं, त्यामागं अशांचे पाय झिजलेले आहेत.

पाणी वळलं. घोट्याला जाणवलं का? भरती येते आहे. तासाभरात ही दांडी बुडेल.

निघण्याआधी एक शेवटचं. दांडीच्या आडोशाला, जिथं वाळू मऊ आणि चिखलट आहे, तिथं बोटं खुपसा. हळू. लिंबाएवढं काहीतरी लागेल, केसाळ. बाहेर काढा. अंगभर बारीक काटे, मखमलीसारखे, एका दिशेनं विंचरलेले. ते तुमच्या तळव्यावर हलतात आणि गुदगुल्या होतात. हा सी अर्चिन, हृदयाच्या आकाराचा. काटे बाजूला सारून पाठ बघा. पाच पाकळ्यांचं फूल आहे, जसं कुणी रांगोळीचं बोट टेकवलं. काटे गळाल्यावरही ते फूल राहतं. चिराखानच्या रानात पावसाळ्यानंतर असली फुलं असलेले दगड वर येतात, आणि बोसांनी जे वेचले त्यांतही ते होते.

त्याला खाली ठेवा. तोंड खालच्या बाजूला असतं, म्हणून फूल वर येईल असं ठेवा. हात काढून घ्या.

आधी तो नुसता बसतो. मग सगळे काटे एकदम कामाला लागतात. बाजूची वाळू उकरली जाते, तो जागच्या जागी बुडत जातो. फुलाच्या दोन पाकळ्या दिसतात, मग एक. पाण्याची पहिली पातळ लाट त्या जागेवरून जाते. ती ओसरल्यावर वाळू सपाट आहे आणि वर तीनचार पांढऱ्या काड्या पडल्या आहेत.

होडी नांगराच्या दोरीला ताण देऊ लागली आहे. चढा. दामण माझ्याकडं द्या, आता तुम्ही सुकाणू घ्या.